हात पुढे करा, डोळे मिटा

‘हात पुढे करा, तळवे वर ठेवा आणि डोळे मिटा,’ असे डॉक्टरांनी सांगितले की पुष्कळ ज्येष्ठांना तो पोरखेळ वाटतो. तक्रार असते हाताला मुंग्या येण्याची, नाहीतर हातातले भांडे निसटण्याची. आणि डॉक्टर मात्र नाकाला बोट लावायला सांगतात, कोपरावर लहानशी हातोडी मारतात, कापसाचा बोळा बोटांवरून फिरवतात. एकदाचा मोठ्या यंत्रातून फोटो काढला असता तर बरे झाले असते, असे सोबत आलेल्या मुलाला वाटत राहते.

परंतु वाचकहो, हातांची ही तपासणी म्हणजे पाच-दहा मिनिटांत, जवळजवळ विनाखर्च होणारी मेंदू, मान आणि मज्जातंतू यांची झडती आहे. फोटो कशाचा काढायचा, डोक्याचा की मानेचा, आणि तो आजच काढायचा की आठवड्याने, हे तिच्यावरून ठरते. परभणीत २०२३पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तरीही मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायचे म्हणजे जिल्ह्यातील अनेक कुटुंबांना नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते. अशा ठिकाणी गावातील वा तालुक्यातील डॉक्टरांनी नीट केलेली ही साधी तपासणी, आणि तिला घरच्यांनी दिलेली साथ, यांचे मोल फार मोठे आहे.

धरणापासून दांडापर्यंत

आपल्या भागातील शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगणे अवघड नाही. पैठणच्या नाथसागरातून निघणारा जायकवाडीचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा परभणी जिल्ह्याच्या शिवारापर्यंत येतो. कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी आणि चारीतून शेतातल्या दांडात पाणी उतरते. एखाद्या शेताला पाणी मिळाले नाही, तर दोष धरणात आहे, कालव्यात आहे, की आपल्याच बांधाजवळ दांड फुटला आहे, हे जाणता माणूस कोणकोणाची शेते कोरडी राहिली यावरून ओळखतो.

हाताचेही असेच आहे. हालचालीचा आदेश मेंदूतून निघतो, मानेतील मज्जारज्जूतून खाली येतो, मानेच्या मणक्यांमधून बाहेर पडणाऱ्या मुळांतून खांद्याकडे जातो, तिथून मज्जातंतूंच्या वाटेने बोटांपर्यंत पोहोचतो आणि शेवटी स्नायू हलतो. या वाटेवर कुठेही अडथळा आला तरी रुग्ण सांगतो एकच, ‘हाताला काहीतरी झाले आहे.’ पण प्रत्येक अडथळ्याची खूण वेगळी असते.

दोष मेंदूत असेल तर बहुधा विरुद्ध बाजूचा हात आणि त्याच बाजूचा पाय किंवा चेहरा यांत दुबळेपणा येतो. मानेत मज्जारज्जू दबला असेल तर दोन्ही हात अनाडी होतात आणि चालही अडखळते. मुळावर दाब आला तर मानेपासून कळ निघून ती एका ठरावीक बोटापर्यंत जाते. एकच मज्जातंतू दुखावला असेल तर त्याच्या वाट्याची बोटे तेवढी बधिर होतात. दोष स्नायूतच असेल तर सहसा बधिरपणा नसतो. मात्र डोक्याला तेल लावायला किंवा फडताळावरचा डबा काढायला हात वर जात नाही.

डॉक्टर काय पाहतात?

तपासणी खरे तर आपण खोलीत शिरताच सुरू होते. चालताना दोन्ही हात सारखे हलतात का, की एक हात अंगाशी धरल्यासारखा राहतो, हे डॉक्टरांच्या नजरेने टिपलेले असते. मग ते बाह्या वर करायला सांगतात. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा सपाट झाला आहे का, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये खळगा पडला आहे का, स्नायू आपोआप फडफडतात का, हे ते पाहतात. बोटांवर तव्याचे चटके असून ते कधी बसले हे माजघरातल्या आजींना सांगता येत नसेल, तर तीही महत्त्वाची खूण असते. कारण ज्या बोटाला चटका कळत नाही, त्याची संवेदना हरपलेली असते.

त्यानंतर येते ती डोळे मिटण्याची परीक्षा. तीर्थप्रसाद घेण्यासाठी पुढे करावेत तसे दोन्ही हात, पण कोपरे ताठ ठेवून, तळवे वर करून धरायचे आणि डोळे मिटून सुमारे दहा सेकंद तसेच ठेवायचे. मेंदूकडून येणाऱ्या वाटेत थोडासाही अडथळा असेल तर त्या बाजूचा तळवा हळूहळू आत वळतो आणि हात खाली उतरू लागतो. तळवा वर धरणारे स्नायू अशा वेळी तो आत वळवणाऱ्या स्नायूंपेक्षा अधिक दुबळे पडतात, म्हणून असे होते. ज्याला एरवी आपला हात धडधाकट वाटतो, त्याचाही दुबळेपणा या परीक्षेत उघड होऊ शकतो. डोळे यासाठी मिटायचे की, उघडे असतील तर माणूस पाहून पाहून हात सावरून धरतो.

पुढची पायरी हाताच्या ताठरपणाची. डॉक्टर आपले मनगट आणि कोपर सावकाश हलवतात. इथे आपण हात सैल सोडायचा. डॉक्टरांना ‘मदत’ करायची नाही. दातेरी चाक फिरावे तसा हात अडत अडत हलला, तर कंपवाताची शंका येते. आधी ताठ असलेला हात एकदम सैल सुटला, तर मेंदू वा मज्जारज्जू यांतील जुन्या इजेकडे बोट जाते.

मग शक्ती. खांदा उचला, कोपर वाकवा, कोपर सरळ करा, मनगट वर घ्या, माझी बोटे आवळा, बोटे फाकवा, हा क्रम मनाला येईल तसा नसतो. मानेतील वरच्या मुळांपासून खालच्या मुळांपर्यंत एकेकाची ती हजेरी असते. शक्तीला शून्य ते पाच असे गुण देण्याची पद्धत ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४३च्या सुमारास रूढ केली आणि ती आजही जगभर वापरात आहे. शून्य म्हणजे हालचालच नाही. तीन म्हणजे हात स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलता येतो, पण कुणी दाबला तर टिकत नाही. पाच म्हणजे पूर्ण शक्ती. कागदावर ‘४/५’ असे लिहिले असेल तर ते आपण विचारून समजून घ्यावे. पुढच्या भेटीत हाच आकडा वाढला की घटला, यावरून उपचाराची दिशा कळते. मात्र खांदा दुखतो म्हणून जोर लावता येत नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे. दुखण्यामुळे न होणारी हालचाल आणि शक्ती नसल्यामुळे न होणारी हालचाल या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हातोडीची परीक्षा पाहून हसू येते खरे. पण १८७५मध्ये एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन वैद्यांनी गुडघ्याच्या झटक्याचे महत्त्व स्वतंत्रपणे मांडले, तेव्हापासून तिचे स्थान अढळ आहे. कोपराच्या पुढच्या बाजूचा झटका मानेतील पाचव्या-सहाव्या मुळाची आणि मागच्या बाजूचा मुख्यतः सातव्या मुळाची खबर देतो. झटका मंद झाला तर दोष मुळात किंवा मज्जातंतूत, आणि तो फाजील जोरात आला तर वर मज्जारज्जूत किंवा मेंदूत, असा ढोबळ हिशेब असतो. झटका उमटत नसेल तर डॉक्टर ‘दात घट्ट आवळा’ म्हणतात; त्यात काही विचित्र नाही. लक्ष दुसरीकडे गेले आणि दात आवळले की दबलेला झटका वर येतो.

शेवटी मेळ आणि संवेदना. आपल्या नाकाला व डॉक्टरांच्या बोटाला आलटून पालटून बोट लावणे, एका तळव्यावर दुसरा हात सुलटा-उलटा भराभर आपटणे, अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट उघडझाप करणे, या कृतींतून लहान मेंदूचे आणि हालचालींच्या वेगाचे आरोग्य कळते. कापसाच्या बोळ्याने स्पर्श, टोकदार वस्तूने टोचणी आणि कंप पावणाऱ्या चिमट्याने थरथर तपासली जाते. अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांची संवेदना वेगवेगळ्या मुळांकडून येते. म्हणून ‘सगळा हात बधिर आहे’ असे न म्हणता नेमके कोणते बोट, हे सांगितले तर निदान निम्मे सोपे होते.

घरातल्या खुणा

डॉक्टरांना आपण दहा मिनिटे दिसतो, घरच्यांना दिवसभर. म्हणून हातांची खरी रोजनिशी घरातच असते.

ज्वारीची भाकरी वर्षानुवर्षे गोल थापणाऱ्या हाताची भाकरी एका बाजूने जाड राहू लागली, देवापुढच्या वाती वळताना कापूस चिमटीत ठरेना, सदऱ्याची गुंडी लावायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागू लागला, तर ‘वय झाले’ म्हणून विषय संपवू नये. वयाने दोन्ही हात थोडे मंदावतात. एकच हात मागे पडू लागला तर त्याचा दोष वयाला देता येत नाही.

सहीकडे लक्ष द्यावे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी गेल्यावर किंवा बँकेत पैसे काढताना ‘सही जुळत नाही’ असे ऐकावे लागले, तर जुनी आणि नवी सही शेजारी ठेवून पाहावी. अक्षर ओळीच्या शेवटाकडे लहान लहान होत गेले असेल, तर ती कंपवाताची खूण असू शकते. इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७मध्ये या विकाराचे वर्णन केले. त्यातील थरथर बहुधा हात मांडीवर निवांत असताना दिसते आणि एका बाजूने सुरू होते. उलट, चहाची कपबशी उचलतानाच दोन्ही हात थरथरत असतील, तर ती बऱ्याचदा वेगळी, अनेकदा घराण्यातून आलेली थरथर असते. दोन्हींचे उपचार निराळे आहेत. म्हणून थरथर केव्हा होते, हे डॉक्टरांना सांगणे अगत्याचे.

रात्री झोपेतून उठवणाऱ्या मुंग्या, अंगठ्यापासून अनामिकेच्या अर्ध्यापर्यंतचा बधिरपणा आणि हात झटकल्यावर वाटणारा आराम, ही मनगटात मज्जातंतू दबल्याची नेहमीची कहाणी. मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांत ती अधिक आढळते, आणि वेळीच लक्ष दिले तर साध्या मनगटपट्टीनेही पुष्कळांना उतार पडतो. मधुमेहाचा सर्वसाधारण बधिरपणा मात्र बहुधा आधी पायांत येतो. पाय चांगले असून हातच बधिर असतील तर दुसरे कारण शोधावे लागते.

करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल तर दोष कोपराजवळ असण्याचा संभव असतो. तिथला मज्जातंतू जाड लागत असेल आणि अंगावर कुठे फिकट किंवा लालसर, न खाजणारा, बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी अवश्य करावी. या रोगाच्या नावाने अजूनही माणसे दचकतात आणि चट्टा लपवतात. लपवण्याच्या त्या काळातच बोटे वाकडी होतात. त्याची बहुविध औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात व रोग पूर्ण बरा होतो. गेलेली संवेदना मात्र नेहमीच परत येत नाही.

आणखी एका जोडीकडे दुर्लक्ष करू नये. हात अनाडी झाले, गुंडी लागेना, आणि त्याच वेळी चालताना तोल जाऊ लागला, तर मानेत मज्जारज्जू दबत असण्याची शक्यता असते. मूठ पूर्ण मिटणे आणि पूर्ण उघडणे ही क्रिया निरोगी माणूस दहा सेकंदांत सुमारे वीस वेळा करू शकतो. ती फारच मंदावली असेल तर डॉक्टरांना सांगावे. अशा वेळी केशकर्तनालयात किंवा मालिशवाल्याकडून मान कडाकडा मोडून घेणे धोक्याचे आहे.

जेव्हा परीक्षेसाठीही थांबायचे नसते

वर सांगितलेल्या खुणा दिवसांनी, महिन्यांनी उमटतात. पण एखाद्या सकाळी दूध ओतताना हात अचानक गळून पडला, तोंड एका बाजूला झुकले, शब्द जड झाले, तर तिथे घड्याळ सुरू झालेले असते. आपल्याकडे ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात, आणि मग कुणी तेल चोळते, कुणी गावठी औषधाला नेते, कुणी ‘रात्री हात अंगाखाली आला असेल, उतरेल’ म्हणून वाट पाहते.

हा मेंदूचा झटका असू शकतो. रक्ताच्या गुठळीने वाहिनी बंद झाली असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते; आणि त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. परभणीहून नांदेड सुमारे ७५ किलोमीटर. जिंतूर, सेलू किंवा पाथरीच्या आडगावातून निघणाऱ्याला त्याहूनही अधिक. वाहन शोधण्यात एक तास, चोळण्यात दोन तास गेले, तर उरते काय?

म्हणून चार गोष्टी पाठ असाव्यात. हसायला सांगा, तोंड वाकडे होते का? दोन्ही हात पुढे धरायला सांगा, एक खाली येतो का? एक साधे वाक्य म्हणायला सांगा, शब्द अडखळतात का? आणि चौथी, वेळ. यांतील एकही गोष्ट अचानक बिघडली असेल तर १०८ क्रमांकावर फोन करावा आणि सीटी स्कॅनची सोय जिथे तत्काळ आहे, तिथेच न्यावे असे सांगावे. रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ कागदावर लिहून सोबत द्यावी; झोपेतून उठताना लक्षण दिसले असेल तर झोपायला जाण्याची वेळ लिहावी. तोंडाने पाणी, चहा, औषध काहीही देऊ नये, कारण गिळण्याची क्रियाही बिघडलेली असू शकते. घरातली रक्तदाबाची गोळी वा ॲस्पिरिन आपल्या मनाने देऊ नये.

हात दहा मिनिटांत पूर्ववत झाला तर आनंद जरूर मानावा, पण घरी बसू नये. असा उतरलेला झटका हा पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो, आणि धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो.

आशाताईंच्या कागदावरचे प्रश्न

आपल्या दारी येणाऱ्या आशा कार्यकर्तीकडे तिशीपुढील प्रत्येकासाठी एक प्रश्नावली असते. तंबाखू, कंबरेचा घेर, खोकला यांच्या प्रश्नांबरोबर त्यात हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, बोटे वाकडी होत आहेत का, हाताने वस्तू धरायला अडचण येते का, असेही प्रश्न आहेत. साठीपुढील माणसांसाठी चालताना तोल जातो का, रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का, हेही विचारले जाते. घाईने ‘काही नाही, सगळे बरे आहे’ असे उत्तर देऊन हा कागद वाया घालवू नये. सून किंवा मुलगा उत्तरे देत असेल तर आजी-आजोबांना स्वतः बोलू द्यावे. कोणते बोट बधिर आहे हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

भेटीला जाताना

सैल बाह्यांचे कपडे घालावेत. हाताला घट्ट बसणाऱ्या बांगड्या, घड्याळ शक्यतो उतरवून ठेवावे. चालू असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या पिशवीत घ्याव्यात, कारण काही औषधांनीही हात थरथरतात. तक्रार कधी सुरू झाली, अचानक की हळूहळू, एका हाताला की दोन्ही, दिवसा अधिक की रात्री, हे चार ओळींत लिहून न्यावे. उजवा हात कामाचा की डावा, हेही सांगावे. निघताना तीन प्रश्न विचारावेत: दोष वाटेवर कुठे असावा असे वाटते? काय झाले तर लगेच परत यायचे? पुन्हा तपासणी केव्हा? तपासणीत काही आढळले नाही तरी तक्रार टिकून असेल तर पुन्हा जाण्यात संकोच नसावा. काही विकार पहिल्या भेटीत पुरते प्रकट झालेले नसतात.

एक विनंती काळजीवाहूंना. हे सारे वाचून घरातल्या वडीलधाऱ्यांना रोज सकाळी हात पुढे करायला लावू नये. रोजच्या परीक्षेने माणूस आजारी नसताना आजारी होतो. जेवताना, पोथीचे पान उलटताना, गोधडीचा टाका घालताना त्यांचे हात सहज दिसतात. पाहायचे ते तेवढेच, आणि बदल दिसला तर त्यांना विश्वासात घेऊन बोलायचे. आणि १०८ हा आकडा, जवळच्या सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयाचे नाव व घरातील ज्येष्ठांच्या औषधांची यादी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आजच भिंतीवर लावावी, नातवंडांनाही वाचता येईल अशा उंचीवर.